ओट्यावर स्वतःचीच सावली

काका,
मागच्या दिवाळीत लातुरातल्या आमच्या नव्या घरात राहायला आलो. स्वयंपाकघर हौसेनं करून घेतलं. काळ्या ग्रॅनाइटचा ९ फुटी ओटा, मागं पांढऱ्या चकचकीत टाइल्स, वर कपाटं, मधे चिमणी. खोली आग्नेयेची, स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला. सगळं झालं आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की भाजी चिरताना माझीच सावली चाकूवर पडते. ट्यूबलाइट छताला, माझ्या पाठीमागं. गेल्या महिन्यात बोट कापून घेतलं. सासूबाई ७४ वर्षांच्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. औशाजवळच्या आमच्या शेतातल्या तुरीची डाळ त्या स्वतः निवडतात, विकतची त्यांना चालत नाही. पण हल्ली आमटीत खडा लागतो आणि मग घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नाही. हे म्हणतात, मोठी ट्यूब लाव. सुतारानं कपाटाखाली रंग बदलणारी, रिमोटची लाइट १६ हजारांत सांगितली. मुलानं चिकटवायची चार्जिंगची लाइट ऑनलाइन मागवली, ती चौथ्या दिवशी आमटीत पडली. आता टाइल्स फोडायची माझी तयारी नाही. शिवाय पाणी, वाफ आणि त्यात वीज, याची भीती वाटते. काय करू? नाव छापू नका.
– एक शिक्षिका, लातूर

ताई,

आधी दाजींचं बघू, मग सुताराचं.

छताची ट्यूब समजा २० वॅटची आहे, ती काढून ४० ची लावली तर खोली उजळेल, पण तुमची सावली जिथं आहे तिथंच राहील. दिवा पाठीमागं आणि काम पुढं, मधे तुम्ही उभ्या. दिवा कितीही मोठा केला तरी मधला माणूस काही पारदर्शक होत नाही. हे दाजींना तोंडी सांगू नका, करून दाखवा. आज संध्याकाळी छताची ट्यूब चालू ठेवूनच त्यांना ओट्याशी उभं करा, हातात कांदा द्या. मग मोबाइलची टॉर्च कपाटाच्या तळाशी धरा, आधी टाइल्सच्या बाजूला आणि मग कपाटाच्या पुढच्या कडेला. कांद्यावरची सावली कधी जाते ते त्यांना स्वतःला दिसेल. पैसा खर्च होत नाही आणि वादही होत नाही. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या पोरांना शिकवलं, त्यात एक कळलं, की फळ्यावर काढलेल्या आकृतीपेक्षा हातातली टॉर्च माणसाला लवकर पटते.

तुमचं पत्र वाचताना मला आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आठवलं. दिवसा सान्यातून, म्हणजे धूर जायला माळवदाला ठेवलेल्या चौकोनी भोकातून, उजेडाचा एक खांब चुलीपाशी उतरायचा. रात्री आई रॉकेलची चिमणी ठेवायची ती चुलीपलीकडच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, तव्याच्या डाव्या अंगाला. पाठीमागच्या खुंटीला कंदील असायचा, पण तो खोलीसाठी. भाकरीचा पापुद्रा आला का, कड करपली का, हे ती देवळीतल्या चिमणीच्या उजेडात बघायची. पुढं ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला, आमच्याकडची माळवदं गेली, स्लॅब आले. स्लॅबबरोबर खोलीच्या बरोबर मध्यावर एक होल्डर आला आणि देवळी बुजली. घर पक्कं झालं ते चांगलंच झालं, पण स्वयंपाक करणारीच्या डोळ्यासमोरचा दिवा त्यात कुठंतरी हरवला. तुम्हाला आता करायचंय ते एवढंच, ती देवळी कपाटाखाली परत आणायची. (आणि गंमत बघा, तेव्हाची चिमणी उजेड द्यायची, आताची धूर ओढते.)

तर जागा. एलईडी दिव्यांची पट्टी (दुकानात तिला स्ट्रिप म्हणतात) लावायची ती कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेजवळ. सुतार बहुतेक वेळा भिंतीच्या बाजूला लावतो, कारण तिथं वायर लपते आणि टाइल्स झगमगतात, फोटो छान येतो. मी स्वतः माझ्या घरात हीच चूक केली. वीज शिकवणारा माणूस, पण घरी सुताराच्या भरवशावर राहिलो. टाइल्स अशा उजळल्या की पाहुणे वाहवा करायचे, आणि आमच्या घरच्या मंडळी म्हणायच्या, "भिंत चिरायची असती तर बरं झालं असतं." दोन महिन्यांनी सगळं उखडून पुढं आणलं. हिशोब साधा आहे. ओटा २ फूट खोल, वरचं कपाट १ फूट किंवा थोडं जास्त. म्हणजे कपाटाची पुढची कड ओट्याच्या बरोबर मध्यावर येते आणि पोळपाट, चिरायची फळी नेमकी तिथंच असते. पट्टी तिथं असली की उजेड तुमच्या कपाळापुढून थेट हातावर पडतो. छताची ट्यूब हातापासून ७ फुटांवर, ही २ फुटांवर. त्यामुळं वॅट कमी लागूनही उजेड जास्त मिळतो.

पट्टी पुढं आणली की एक अडचण उभी राहते. तुम्ही उभ्या असताना ती डोळ्यात जात नाही, पण जेवणाच्या टेबलाशी कुणी बसलं की थेट डोळ्यात घुसते. त्यावर दोन उपाय. कपाटाच्या तळाला पुढून इंचभर खाली उतरणारी प्लायची पट्टी सुताराकडून मारून घ्या, म्हणजे दिवा तिच्याआड राहील. आणि अॅल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे पट्टी आत बसवायची पन्हळ, कोपऱ्याचं, ४५ अंशांचं घ्या. त्याचं तोंड तुमच्याकडं ठेवू नका, भिंतीकडं तिरकं करा. उजेड ओट्यावर पडतोच, टाइल्सवरही थोडा जातो, आणि टेबलाशी बसलेल्या माणसाला नुसता उजेड दिसतो, दिवा दिसत नाही.

प्रोफाइल घ्याच, ते टाळून पैसे वाचवू नका. नुसती एलईडी स्ट्रिप तिच्या मागच्या चिकटपट्टीवर प्लायला चिकटवणारे खूप आहेत. पहिला उन्हाळा येईपर्यंत टिकते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, त्यात खाली गॅस, वर फोडणीची वाफ. चिकट सुटतो आणि स्ट्रिप लोंबायला लागते. तुमच्या मुलाची लाइट आमटीत गेली ती याच कारणानं, पोराला बोलू नका. अॅल्युमिनियमचं प्रोफाइल स्क्रूनं बसतं, स्ट्रिपची उष्णता ओढून घेतं, आणि त्याच्यावरच्या दुधी झाकणामुळं तेलाचा थर स्ट्रिपवर न बसता झाकणावर बसतो. झाकण सरकवून काढायचं, भांड्यांच्या साबणानं धुवायचं, वाळवून परत लावायचं. झाकण काढण्याआधी बटण बंद, एवढं लक्षात ठेवा.

दुधी झाकणाचं दुसरं कारण तुमचा काळा ग्रॅनाइट. काळा पॉलिश दगड आरशासारखा असतो. साध्या स्ट्रिपमध्ये एक मीटरला ६० किंवा १२० दाणे असतात, आणि ते सगळे दाणे ओट्यात उलटे दिसतात, मुंग्यांची रांग चालल्यासारखे. रोज त्या रांगेवर भाजी चिरायची म्हणजे डोक्याला ताप. दुकानात 'सीओबी' स्ट्रिप मागा. तिच्यात दाणे सुटे दिसत नाहीत, सलग उजेडाची रेघ दिसते. वर दुधी झाकण असलं की झालं. काळ्या दगडाचा आणखी एक गुण, तो उजेड गिळतो. पांढऱ्या ओट्यावरून जेवढा उजेड परत उसळतो तेवढा इथून येत नाही. म्हणून मीटरला ५ वॅटची हलकी स्ट्रिप तुमच्याकडं पुरणार नाही, १० वॅटच्या आसपासची घ्या. चिरायची फळी पांढरी किंवा फिक्या लाकडाची ठेवलीत तर निम्मं काम तीच करते. कामाच्या जागी ३०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असावा असं आमच्या धंद्यात धरतात. मोबाइलवर लक्स मोजणारी अॅप मिळतात, त्यांचा आकडा अगदी काटेकोर नसतो, पण आधी आणि नंतर यातला फरक दाखवायला पुरेसा.

आता रंग, कारण सुताराची रिमोटची लाइट इथंच बाद होते. रंग बदलणाऱ्या स्ट्रिपमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन रंग मिसळून पांढरा तयार करतात. तो पांढरा दिसतो, पण त्याच्या उजेडात हळद, तिखट, कोथिंबीर यांचे खरे रंग दिसत नाहीत. येसराचा मसाला भाजताना रंग बघूनच तर कढई उतरवायची असते. तिथं निळसर उजेडात तुम्हाला तो कच्चा वाटेल आणि दोन मिनिटांत करपेल. देवघरात दिवाळीला लावायची असेल तर लावा हौसेनं, ओट्यावर नको.

पाकिटावर दोन आकडे बघा. एक 'के' अक्षराच्या आधी छापलेला, उजेडाची छटा सांगणारा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ६५०० म्हणजे ट्यूबलाइटचा निळसर पांढरा. तुम्हाला मधला, ४००० चा घ्या म्हणतो. आपल्याकडं दुकानदार विचारल्यावाचून ६५०० चाच हातात देतो, कारण गिऱ्हाइकाला तो जास्त लख्ख वाटतो, तेव्हा तोंडानं सांगून घ्या. दुसरा आकडा सीआरआयचा. सूर्यप्रकाशात दिसतात तसे रंग दाखवण्याची ताकद म्हणजे सीआरआय, पैकीच्या पैकी १००. स्वयंपाकघराला ९० च्या वरचा घ्यावा. ८० चा चालतो, पण टोमॅटो थोडा मलूल दिसतो.

४००० चा आग्रह सासूबाईंसाठीही आहे. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात नवी स्वच्छ भिंग असते, त्याला पांढरं अधिक पांढरं, किंचित निळसर दिसतं. दुसऱ्या डोळ्यातली जुनी भिंग वयानं पिवळी पडलेली असते. त्यांना कधी विचारून बघा, एक डोळा झाकून भिंत कशी दिसते आणि दुसरा झाकून कशी. माझ्या आईनं ऑपरेशननंतर पहिल्यांदा पांढरं लुगडं बघितलं आणि म्हणाली, "ह्याला नीळ लई झालीय." त्यात ६५०० चा निळसर उजेड दिला की आधीच निळसर दिसणाऱ्या डोळ्याला तो टोचतो, आणि न झालेल्या डोळ्यात तो पसरतो, चकाकी येते. एवढंच नाही. वयानं बाहुली बारीक होते, भिंग गढूळ होते, त्यामुळं साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे तुम्हाला "दिसतंय की" वाटतं तेव्हा त्यांना खरंच दिसत नसतं. आमटीतला खडा हा निष्काळजीपणा नाही, उजेडाचा तुटवडा आहे. हे घरात एकदा जेवायला बसल्यावर मोठ्यानं म्हणा, म्हणजे तुम्ही म्हणता ते दोन दिवसांचं मौन टळेल.

डाळ निवडायला मात्र उजेड डोक्यावरून सरळ पडून भागत नाही. सरळ उजेडात खडा आणि डाळ दोन्ही सपाट दिसतात. उजेड आडवा आला की प्रत्येक खड्याची छोटी सावली पडते आणि खडा उठून दिसतो. गिरणीत सॉर्टेक्स झालेल्या, म्हणजे यंत्रानं खडे वेगळे काढलेल्या, डाळीला हे करावं लागत नाही, पण घरची भरडलेली डाळ म्हटलं की खडा आलाच. म्हणून ताट पट्टीच्या बरोबर खाली न ठेवता पट्टी जिथं संपते तिथून फूटभर बाजूला ठेवायला सांगा, आणि पांढऱ्या किंवा स्टीलच्या चमकणाऱ्या ताटापेक्षा निळं नाहीतर हिरवं ताट द्या. पिवळी डाळ, करडा खडा, निळं ताट. उभं राहून निवडत असतील तर उंच स्टूल द्या. त्या ऐकणार नाहीत ते मला माहीत आहे, तरी द्या.

आता तुमच्या ओट्याचा हिशोब मांडतो. ९ फुटांत मधली २ फूट चिमणी सोडा. चिमणीच्या खाली, गॅसच्या वर पट्टी लावायची नाही. तिथं चिमणीचे स्वतःचे दिवे असतात आणि फोडणीचा थेट जाळ कुठल्याही स्ट्रिपला सोसत नाही. चिमणीच्या दोन्ही बाजूंना ४ आणि ३ फूट उरतात असं धरलं तर ७ फूट, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत. मीटरला १० वॅट धरून २१-२२ वॅट. दिवसाला ४ तास लावली तरी महिन्याला पावणेतीन युनिटांच्या वर जात नाही. दाजींना हा आकडा आवडेल.

१२ व्होल्टची स्ट्रिप पुरेल. लांबी ५ मीटरच्या पुढं गेली की १२ व्होल्टला शेवटची टोकं मंद पडतात, तेव्हा २४ व्होल्टची घ्यावी लागते. तुमचं तेवढं मोठं काम नाही. स्ट्रिप कात्रीनं कापता येते, पण फक्त खुणेच्या रेघेवर, तांब्याच्या ठिपक्यांच्या मधून. दोन तुकडे जोडायला प्लास्टिकची क्लिप मिळते. ती उष्णतेनं ढिली पडते, मग पट्टी लुकलुकायला लागते आणि घरात भूत आहे अशी चर्चा होते. शिसं लावून, म्हणजे सोल्डर करूनच जोडायला सांगा. आणि सगळं बसवण्याआधी जमिनीवर पसरून एकदा पेटवून बघायचं, पण गुंडाळी तशीच ठेवून तासभर पेटती ठेवायची नाही, ती तापते.

स्ट्रिपपेक्षा महत्त्वाचा तिचा ड्रायव्हर, घरातल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा. माझा अनुभव असा की पट्टी सहसा जात नाही, ड्रायव्हर जातो. जितके वॅट लागतात त्यापेक्षा पाव हिस्सा जास्तीचा घ्यावा. तुमच्या २२ वॅटला २८ झाले, म्हणून ३६ वॅटचा, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा घ्या. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते बघा, आर अक्षरानं सुरू होतो. आणि इनपुट व्होल्टेजचा पल्ला वाचा. १०० ते ३०० व्होल्ट असा रुंद असला तर उत्तम. आपल्याकडं दुपारी व्होल्टेज कुठं असतं आणि रात्री कुठं जातं, हे तुम्हाला मी काय सांगावं.

दुकानात जाळीच्या पत्र्याचा उघडा एसएमपीएस, म्हणजे ड्रायव्हरचाच एक प्रकार, स्वस्तात दाखवतील. तो पाटीच्या मागं, शोरूममध्ये ठीक. स्वयंपाकघरात त्याच्या जाळीतून झुरळं शिरतात, झुरळांमागं पाल शिरते, आणि एके रात्री पाल आणि ड्रायव्हर दोघंही एकदमच जातात. हे विनोद म्हणून लिहीत नाही, अशी प्रेतं मी काढलेली आहेत. बंद, सगळ्या बाजूंनी झाकलेला ड्रायव्हरच घ्या.

तो ठेवायचा कुठं? माझी दुसरी चूक ऐका. मी तो कपाटाच्या आत, मसाल्याच्या डब्यांमागं ठेवला. दिसत नव्हता, छान वाटत होतं. त्याला हवा नव्हती, वर तिखटाची पूड. पहिल्याच मे महिन्यात गेला, आणि काढायला गेलो तर सुतारानं त्याच्यापुढं प्लाय ठोकून ठेवलेला. म्हणून ड्रायव्हर कपाटांच्या वर, छत आणि कपाट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत ठेवा. हात पोचेल असा, चिमणीच्या पाइपापासून लांब, सिंकच्या बाजूला नको. वर जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. आणि ओट्याखाली, सिलिंडरच्या कपाटात तर ड्रायव्हर, बटण, जोड, यातलं काहीच नको. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो, आणि तिथं एक ठिणगी पुरते.

टाइल्स फोडायची गरज नाही, एकही नाही. वायरमनला सांगा, छताच्या ट्यूबच्या पॉइंटवरून प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून वायर कपाटांच्या वर आणायची. तिथं ती कुणाला दिसत नाही. तिथून १२ व्होल्टची बारीक वायर कपाटाच्या मागच्या कोपऱ्यातून एक भोक पाडून खाली. भोकाच्या कडांना थोडं सिलिकॉन भरायचं, नाहीतर प्लाय पाणी पितो आणि झुरळांना दरवाजा मिळतो. बटण मिक्सरच्या स्विचबोर्डावर रिकाम्या जागी बसलं तर सगळ्यात बरं, आणि ते २३० व्होल्टच्या बाजूला असावं म्हणजे बंद केल्यावर ड्रायव्हरही बंद होतो. हात हलवून लागणारे सेन्सर हल्ली मिळतात. कणकेचे हात बटणाला लावायचे नसतील तर सोयीचे आहेत, फक्त सेन्सरच्या काचेवर तेल बसलं की तो ऐकत नाही, आठवड्याला पुसावा लागतो. माझं विचाराल तर बटणच बरं. सासूबाईंना बटण कळतं, हवेत हात हलवणं त्यांना देवीची आरती वाटेल.

ट्यूबच्या पॉइंटवरून वायर घ्या म्हणालो त्याला कारण आहे. तुमच्याकडं इन्व्हर्टर असेल तर ट्यूब बहुधा त्याच्यावर असते, चिमणी नसते. भारनियमन नेमकं संध्याकाळच्या स्वयंपाकाला गाठतं, आणि २२ वॅट हे इन्व्हर्टरला काहीच नाही. फक्त वायरमनला बजावून सांगा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच इन्व्हर्टरच्या लाइनचे घ्यायचे. फेज एकीकडचा आणि न्यूट्रल दुसरीकडचा जोडला की आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, सारखा पडतो, आणि मग दोष नव्या लाइटला लागतो.

आरसीसीबीवरून तुमच्या भीतीकडं येतो. कपाटाखाली जे काही आहे, जिथं वाफ आणि ओले हात पोचतात, तिथं फक्त १२ व्होल्ट. तेवढ्यानं शॉक बसत नाही. मोटारसायकलची बॅटरीही १२ व्होल्टचीच असते. ढिला जोड तापू शकतो, म्हणून तर सोल्डरचा आग्रह. शॉकचे २३० व्होल्ट वर ड्रायव्हरपर्यंत येऊन थांबतात. तरीही घराच्या डीबीमध्ये, म्हणजे मुख्य स्विचांच्या पेटीत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघा. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबल्यावर तो पडला पाहिजे. महिन्यातून एकदा दाबून बघायचं. नसेल तर लाइट पुढच्या महिन्यात करा, आधी तो बसवा. अॅल्युमिनियमच्या प्रोफाइलला आणि ड्रायव्हरच्या पत्र्याच्या खोक्याला अर्थिंग जोडता येत असेल तर जोडून घ्या. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात चार बादल्या पाणी ओता, आपली जमीन एप्रिलमध्ये इतकी वाळते की अर्थिंग नावालाच उरतं. २३० व्होल्टचं काम तारतंत्री परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. सुतार "मीच जोडतो की" म्हणेल. त्याला म्हणावं, प्रोफाइल ठोक, वायर सोड.

१६ हजारांचं म्हणाल तर त्याच्याकडून आकडा फोडून घ्या. स्ट्रिप किती मीटर आणि मीटरला काय भाव, प्रोफाइल किती फूट, ड्रायव्हर कोणता, मजुरी किती. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन दोन दुकानांत हेच चार आकडे विचारा. ७ फुटांच्या पट्टीला रिमोट आणि रंग वगळले की तो १६ हजारांचा आकडा तुम्हाला स्वतःलाच हसू आणेल. शिक्षिका आहात, बेरीज तपासायची सवय असेलच.

एवढा खटाटोप नको असेल तर सोपा मार्ग आहे. २ फुटांच्या, १० वॅटच्या टी-५ पट्ट्या, म्हणजे बारीक ट्यूबसारखे आयते दिवे, थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या, एकीतून दुसरीत जोडता येणाऱ्या. चिमणीच्या डावीकडं दोन, उजवीकडं एक, पुढच्या कडेलाच. ड्रायव्हर वेगळा नाही, सोल्डर नाही, अर्ध्या तासाचं काम. भाड्याच्या घरात मी हेच सांगतो, जाताना काढून नेता येतात. पण त्यात पूर्ण व्होल्टेज ओल्या हातांच्या जवळ येतं आणि दिवा थोडा जाड दिसतो. स्वतःचं घर आहे, तुम्ही प्रोफाइलच करा.

आमटीत पडलेल्या लाइटचं राहिलं. ती पुसून वाळवून परत चार्जिंगला लावायचा मोह मुलाला होईल. लावू देऊ नका. आत लिथियमची बॅटरी असते, तिच्यात पाणी आणि मीठ गेलेलं असताना चार्ज केली तर पेट घेऊ शकते. कचऱ्याच्या बादलीतही टाकू नका, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं जुन्या बॅटऱ्या घेतात का विचारून तिथं द्या. आणि त्या दिवशीची आमटी तुम्ही टाकून दिलीत असं धरून चालतो.

– काका